खोकल्याचं औषध, प्रयोगशाळेचा अहवाल आणि सरकारची सही

‘डॉक्टर, बाटलीवर परवान्याचा नंबर छापलेला असतो. सरकारने परवाना दिलेल्या औषधात विष आलंच कसं?’

२०२५ च्या ऑक्टोबरपासून लहान मुलांचे पालक हा प्रश्न विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. त्याचं अर्धं उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि उरलेलं अर्धं राज्यकारभारात. आपण डॉक्टर मंडळी पहिलं अर्धं उत्तर देऊन थांबतो. या लेखात दोन्ही बाजू समजून घेऊ. शेवटी घरात काय काळजी घ्यायची तेही सांगतो.

काय घडलं होतं?

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मुलं एकामागून एक आजारी पडू लागली. सुरुवात साध्या सर्दी-खोकल्याने आणि तापाने व्हायची. काही दिवसांनी उलट्या, मग लघवी कमी होणं, मग बंद होणं. मूत्रपिंडं निकामी झालेली अनेक मुलं डायलिसिससाठी नागपूरला आणली गेली, कारण त्या भागाला मोठ्या उपचारांसाठी जवळचं शहर नागपूरच आहे. वीसहून अधिक मुलं दगावली.

या मुलांना दिलेल्या औषधांमध्ये ‘कोल्ड्रिफ’ नावाचं सिरप होतं. ते तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या स्रेसन फार्मास्युटिकल या कंपनीने बनवलं होतं. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने कारखान्यातून नमुना घेऊन तपासला, तेव्हा एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळलं. परवानगी असलेली मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे बाटलीतला जवळजवळ अर्धा द्रव विषारी होता.

हे विष औषधात येतं कुठून?

सिरपमधलं औषध विरघळावं आणि द्रव थोडा दाट, गोडसर राहावा म्हणून त्यात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा सॉर्बिटॉल घालतात. हे पदार्थ औषधी दर्जाचे असतील तर ठरलेल्या प्रमाणात सुरक्षित असतात. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला त्यांच्यासारखंच असतं. त्याला रंग नाही आणि चव गोडसर आहे. ते स्वस्त असतं आणि ब्रेक ऑइल, रंग अशा औद्योगिक कामांत वापरलं जातं. कच्चा माल विकणाऱ्याने फसवलं किंवा कंपनीने औद्योगिक दर्जाचा माल घेतला, आणि तो न तपासता टाकीत ओतला, की विष थेट बाटलीत पोचतं.

शरीरात गेल्यावर यकृत त्याचं रूपांतर एका आम्लात करतं आणि ते आम्ल मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना मारतं. लहान मुलाचं वजन कमी असल्याने थोड्या चमच्यांतही घात होतो. चव, वास किंवा रंग यांवरून पालकांना, औषध दुकानदाराला किंवा डॉक्टरला ते ओळखता येत नाही.

प्रयोगशाळेला मात्र ते ओळखता येतं. त्याची चाचणी नवी नाही आणि फार अवघडही नाही. कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासणं ही कंपनीची कायदेशीर जबाबदारी आहे. यातलं विज्ञान जुनं आणि पक्कं आहे. तरीही मुलं दगावतात, म्हणून पुढचा प्रश्न विचारावा लागतो. चाचणी कोण करतं, कधी करतं, आणि निकाल आला की लोकांना काय सांगितलं जातं?

‘नमुन्यात काही सापडलं नाही’ या वाक्याचा अर्थ

३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की तपासलेल्या नमुन्यांमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल आढळलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मंत्रालयाने सांगितलं की तामिळनाडूने कारखान्यातून घेतलेल्या कोल्ड्रिफच्या नमुन्यात ते मर्यादेपेक्षा जास्त आहे.

ही दोन्ही वाक्यं आपापल्या नमुन्यांपुरती खरी असू शकतात. औषध बॅचने बनतं. एका बॅचमध्ये विष असेल आणि दुसरीत नसेल. तुम्ही ज्या बाटल्या तपासल्या त्या दुसऱ्या बॅचच्या किंवा दुसऱ्याच औषधाच्या असतील, तर निकाल ‘नाही’ असाच येणार. ‘आम्ही तपासलं त्यात सापडलं नाही’ याचा अर्थ ‘औषध सुरक्षित आहे’ असा होत नाही. रक्ताचा एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पोटदुखीचं कारण संपलं, असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

राजकारणाचा शिरकाव इथेच होतो. मुलं मरत असताना प्रत्येक सरकारवर लोकांना धीर देण्याचा दबाव असतो. ‘घाबरू नका’ हे वाक्य लवकर बोलायला सोपं असतं आणि त्या क्षणी ते लोकप्रियही असतं. अपुऱ्या नमुन्यांवरचा ‘नाही’ मग बातमीत ‘औषध ठीक आहे’ असा पोचतो. वैज्ञानिकाने अशा वेळी म्हणायचं असतं, ‘अजून माहीत नाही, तोवर ही बाटली बाजूला ठेवा.’ हे वाक्य प्रशासनाने बोलायला हवं. त्याचा एका कंपनीला चार दिवस तोटा होईल, पण एखाद्या घरातलं मूल वाचेल.

मुंबईने हे आधी पाहिलं आहे

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. चौकशीसाठी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला.

लेंटिन आयोगाचं महत्त्व असं की तो बाटलीपाशी थांबला नाही. हे ग्लिसरीन रुग्णालयाने कोणाकडून आणि कसं विकत घेतलं, अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, काय करत होतं, आणि मंत्री त्या कामात कसा हस्तक्षेप करत होते, इथपर्यंत तो गेला. अहवालातले ताशेरे इतके कडक होते की भाई सावंत यांना मंत्रिपद सोडावं लागलं. विषबाधेची जबाबदारी फक्त कारखानदारावर नसते, परवाना आणि तपासणी ज्यांच्या हातात आहे त्यांच्यावरही असते, हे त्या अहवालाने नोंदवलं.

पण त्यानंतरही हेच विष परत आलं. १९९८ मध्ये दिल्ली-गुडगाव परिसरात, २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यातल्या रामनगरमध्ये. दर वेळी औषध वेगळं आणि कंपनी वेगळी होती. मेली ती लहान मुलंच.

गांबियातली मुलं आणि देशाची प्रतिमा

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला की पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात मुलांच्या मृत्यूंशी चार भारतीय सिरपांचा संबंध असू शकतो. ती हरियाणातल्या मेडन फार्मास्युटिकल्सने बनवली होती. तिथे सुमारे ७० मुलं दगावली. संघटनेने घाना आणि स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळांत नमुने तपासून घेतले होते.

हरियाणा सरकारने कारखान्यातलं उत्पादन थांबवलं. पण डिसेंबर २०२२ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी संघटनेला कळवलं की कंपनीकडच्या राखीव नमुन्यांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी केली, त्यात दोष आढळला नाही. संघटना आपल्या निष्कर्षांवर ठाम राहिली. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने गांबियातल्या आरोग्य यंत्रणेसोबत केलेल्या तपासातूनही या सिरपांकडेच जोरदार बोट दाखवलं गेलं. दरम्यान उझबेकिस्तानमध्येही भारतीय सिरपामुळे मुलं दगावल्याची बातमी आली होती.

भारत जगाला स्वस्त औषधं पुरवतो आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. एचआयव्हीसारख्या आजारांत भारतीय औषधांनी गरीब देशांतले असंख्य जीव वाचवले आहेत. म्हणूनच एखादा आरोप झाला की ‘देशाची बदनामी’ हा शब्द लगेच पुढे येतो. पण प्रयोगशाळेच्या अहवालाला देश नसतो. द्रवात ते रसायन आहे की नाही, एवढंच तो सांगतो. अहवालाला देशप्रेमाच्या तराजूत घातलं की तपास कंपनीकडून वळून तक्रार करणाऱ्याकडे जातो.

पुढे सरकारने एक चांगला नियम केला. १ जून २०२३ पासून परदेशी जाणारं खोकल्याचं सिरप ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय निर्यात करता येत नाही. मात्र हा नियम निर्यातीपुरता होता. देशात विकल्या जाणाऱ्या सिरपासाठी बाटली बाहेर पडण्याआधी सरकारमान्य प्रयोगशाळेची अशी पावती लागत नव्हती. परासियातल्या बाटलीला हे फाटक ओलांडावंच लागलं नाही. ती चाचणी आपल्याला येत होती, ती परदेशी मुलांसाठी सक्तीची झाली आणि घरच्या मुलांसाठी झाली नाही. तिथे विज्ञान कमी पडलं नव्हतं. चाचणी कोणासाठी सक्तीची करायची, हा निर्णय सरकारचा होता.

परवाना एकाचा, देखरेख अनेकांची

आपल्याकडचा औषध कायदा १९४० चा आहे. नवीन औषधाला मंजुरी केंद्राची संस्था देते, पण कारखान्याला उत्पादनाचा परवाना मुख्यतः राज्य देतं. कारखाना एका राज्यात, विक्री दुसऱ्या राज्यात आणि रुग्ण तिसऱ्या शहरातल्या रुग्णालयात, अशी परिस्थिती छिंदवाड्याच्या प्रकरणात होती. अपघात झाला की केंद्र राज्याकडे आणि एक राज्य दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवतं. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पक्षांची सत्ता असेल तर आवाज आणखी वाढतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. राज्य सरकारला आपल्या राज्यात कारखाने, रोजगार आणि कर हवे असतात. कारखाना बंद करण्याचा अधिकारही त्याच सरकारच्या हाताखालच्या विभागाकडे असतो. निरीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी त्याची बदली, त्याची गाडी आणि त्याच्या प्रयोगशाळेतलं यंत्र हे सगळं वरून ठरतं.

यावर उपाय सुचवले गेले नाहीत असं मुळीच नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००३ मध्येच मजबूत केंद्रीय औषध प्रशासन उभारावं आणि दर ५० कारखान्यांमागे एक, दर २०० दुकानांमागे एक निरीक्षक असावा असं सांगितलं होतं. केंद्रीय प्राधिकरणासाठी २००७ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये विधेयकं आली, पण कायदा झाला नाही. त्या काळात केंद्रात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, त्यामुळे हा दोष एकाच पक्षाच्या पदरात टाकता येत नाही.

कारखान्यांच्या दर्जाचे नियम ‘शेड्यूल एम’मध्ये असतात. गांबियानंतर ते कडक केले गेले, पण लहान आणि मध्यम कंपन्यांना खर्च झेपत नाही म्हणून मुदत वाढवत डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत नेली गेली. लहान उद्योगांची अडचण खरी आहे. त्यांच्यावर हजारो कामगारांची घरं चालतात. पण मुदत वाढवताना त्या काळात कोणती बाटली कोणाच्या घरी जाईल, याचा हिशेबही मांडायला हवा. उद्योजकांची संघटना मंत्रालयात जाऊन बसू शकते. दोन वर्षांच्या आजारी मुलाची संघटना नसते.

मग सरकारचा अधिकार कमी असावा का?

नाही. हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. १९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’ नावाच्या औषधात हेच डायएथिलीन ग्लायकॉल घातलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. तिथल्या एफडीएने निरीक्षक गावोगाव पाठवून बाटल्या गोळा केल्या, आणखी बळी वाचवले. पण जप्तीसाठी कायदेशीर आधार कोणता मिळाला? ‘एलिक्सिर’ म्हटलं की त्यात अल्कोहोल असायला हवं, ते यात नव्हतं, म्हणून नाव चुकीचं! औषध विषारी आहे हे कारण तेव्हाच्या कायद्यात पुरेसं नव्हतं. लोकांच्या संतापानंतर १९३८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि विक्रीआधी सुरक्षितता दाखवणं कंपन्यांना सक्तीचं झालं.

बाटली विषारी आहे हे वैज्ञानिक सांगू शकतो, पण ती दुकानातून उचलण्याचा, कारखान्याला टाळं लावण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. तो सरकारकडेच असतो आणि असायला हवा. तामिळनाडूच्या यंत्रणेने कळल्यावर एक-दोन दिवसांत कारखान्यात जाऊन नमुना घेतला, तपासला आणि निकाल जाहीर केला, तेव्हा याच अधिकाराचा योग्य वापर झाला. त्याच यंत्रणेच्या देखरेखीखाली तो कारखाना इतकी वर्षं चालला, हेही तितकंच खरं. यंत्रणेला क्षमता होती. ती मृत्यूंनंतर जागी झाली.

म्हणून मागणी नेमकी असावी. सरकारने अधिकार जरूर वापरावा, पण प्रयोगशाळेचा निकाल मंत्र्याच्या पत्रकार परिषदेची वाट न पाहता, बॅच नंबरसकट, त्याच दिवशी लोकांसमोर यावा. कोणते नमुने तपासले आणि कोणते अजून तपासायचे आहेत, हेही त्यात लिहिलेलं असावं. तपासणाऱ्याची नोकरी त्या निकालावर अवलंबून नसावी.

आमच्या व्यवसायाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलसोबत हीच दोन औषधं होती. आदेश निघाला, पण तो दवाखान्यांपर्यंत आणि दुकानांपर्यंत नीट पोचला नाही. विष नसतं तरीही लहान मुलांना हे मिश्रण देण्याचं कारण नव्हतं.

तुम्ही घरात काय कराल?

• दोन वर्षांखालील मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप देऊ नका. पाच वर्षांखालीही सहसा गरज नसते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये डॉक्टरांना हेच कळवलं आहे. मुलांचा बहुतेक खोकला विषाणूंमुळे येतो आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो.

• पाणी, अंगावरचं दूध, कोमट पातळ पदार्थ आणि नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब उपयोगी पडतात. एक वर्षावरच्या मुलाला थोडा मध चालतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही देऊ नका.

• तापासाठी डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेलं पॅरासिटामॉल किंवा दम्याची औषधं भीतीपोटी बंद करू नका. शंका असेल तर विचारा.

• मागच्या वेळची उरलेली बाटली किंवा शेजारच्या मुलाचं औषध वापरू नका. दुकानातून चिठ्ठीशिवाय सिरप घेऊ नका.

• पक्कं बिल मागा. मूल पूर्ण बरं होईपर्यंत बाटली आणि खोकं जपून ठेवा. कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत यांचा मोबाइलवर फोटो काढा. काही बिघडलं तर तपास याच बाटलीपासून सुरू होतो.

• औषध सुरू असताना मुलाला वारंवार उलट्या, पोटदुखी, सुस्ती आली किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर औषध थांबवा आणि लगेच रुग्णालयात जा, बाटली सोबत न्या. श्वास जोरात चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील तरीही थांबू नका.

• शंकास्पद औषधाची तक्रार महाराष्ट्रात एफडीएच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर करता येते.

एखाद्या औषधाबद्दल इशारा आला की तो कोणत्या पक्षाच्या सरकारने किंवा कोणत्या देशाने दिला, हे पाहू नका. औषधाचं नाव आणि बॅच नंबर वाचा, घरातली बाटली काढा आणि जुळवून पाहा. आणि पुढच्या वेळी तुमचे आमदार-खासदार रस्त्याच्या किंवा दवाखान्याच्या उद्घाटनाला येतील, तेव्हा त्यांना एक साधा प्रश्न विचारा: आपल्या जिल्ह्यात औषध निरीक्षक किती आहेत, आणि गेल्या वर्षी त्यांनी घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल कुठे पाहायला मिळतील?